इंजिन थंड असताना पाहा, सौदा मग करा

भिवंडीच्या कारागिराचे कान तयार असतात. शेडमध्ये पंचवीस-तीस यंत्रमाग एकाच वेळी खडखडत असले, तरी कोणत्या मागाचा धोटा नीट धावत नाही हे तो दारातूनच ओळखतो. सूत दोन बोटांत चोळून त्याचा नंबर सांगणारे व्यापारी या शहरात आहेत. पण हाच माणूस जुनी गाडी किंवा टेम्पो घ्यायला निघाला म्हणजे काय पाहतो? रंग पाहतो, सीटचे कव्हर पाहतो, टायरला लाथ मारून पाहतो, आणि ज्या इंजिनासाठी खरी किंमत मोजायची त्याच्या बाबतीत मात्र दलालाच्या शब्दावर विसंबून बयाणा देऊन मोकळा होतो. माल पारखण्यात आयुष्य गेलेल्या माणसांनी असे फसावे, ही गोष्ट आम्हाला खटकते. म्हणून आज या पानावर जुन्या गाडीच्या इंजिनाविषयी, आणि त्या इंजिनाच्या खरेदी-विक्रीतील व्यवहाराविषयीही, आम्ही काही गोष्टी स्पष्टपणे मांडणार आहोत.

गाडी म्हणजे दुकानच

भिवंडीत गाडी ही चैनीची वस्तू राहिलेली नाही. लूमवरून उतरलेले ताके प्रोसेस हाऊसपर्यंत न्यायचे असतात. माणकोली, दापोडे, वळ, पूर्णा, राहनाळ, काल्हेर या पट्ट्यातील गोदामांचा माल ठाणे-मुंबईला पोहोचवायचा असतो. सुतार, फॅब्रिकेटर, फळांचे व्यापारी, लग्नाची जेवणे करणारे, ज्याच्या त्याच्या धंद्याला चार चाके लागतात. नवी गाडी हप्त्यावर मिळते, पण हप्त्याबरोबर व्याज येते आणि आपल्यातील पुष्कळांना ते नको असते. मग माणूस भिशी उचलतो, घरातले थोडे मोडतो, नातलगांकडून उसने घेतो आणि रोखीने जुनी गाडी आणतो. हा मार्ग आम्हाला योग्यच वाटतो. मात्र रोखीने घेणाऱ्याच्या पाठीशी ना बँकेचा तपासनीस असतो, ना कंपनीची हमी. त्याला स्वतःच दक्ष राहावे लागते. विसाव्या दिवशी इंजिन बसले तर त्याची कमाई थांबते. घरभाडे आणि मुलांची फी थांबत नाही.

दोन वर्षांपूर्वीची गोष्ट. आमच्या परिचयाच्या एका गृहस्थांनी ताके वाहण्यासाठी लहान डिझेल टेम्पो घ्यायचे ठरवले. एक लाख ऐंशी हजारांत सौदा झाला. सकाळी दहा वाजता गाडी दाखवायला आणली तेव्हा ती धावूनच आली होती, म्हणजे इंजिन गरम होते. सेल्फ मारताच चालू झाली. दलालानेच आणलेल्या मिस्त्रीने कान लावला आणि “इंजिन एक नंबर” असा निर्वाळा दिला. तिसऱ्या आठवड्यात कशेळीच्या पुलाजवळ बॉनेटमधून वाफ निघाली. हेडला तडा गेलेला होता, पाणी ऑइलमध्ये उतरले होते आणि बेअरिंग खलास झाले होते. दुरुस्तीला सत्तर हजार रुपये आणि चाळीस दिवस लागले. पुढे कळले की त्या मिस्त्रीला विकणाऱ्याकडून दोन हजार मिळाले होते.

त्या टेम्पोत दोष होता याचे आम्हाला नवल वाटत नाही. जुन्या गाडीत दोष असायचाच. विकणारा, दलाल आणि मिस्त्री या तिघांना दोष ठाऊक होता; ज्याचे पैसे जाणार होते त्यालाच तेवढा ठाऊक नव्हता. आमचे आजचे म्हणणे याच विषयावर आहे. गाडी थंड असताना पाहावी, स्वतःच्या पैशाने स्वतःचा मिस्त्री न्यावा, आणि दोष विकणाऱ्याच्या तोंडून साक्षीदारांसमोर वदवून घ्यावेत. या तीन गोष्टी झाल्या तर इंजिनाच्या बहुतेक फसवणुकी टळतात.

चावी फिरवण्यापूर्वी

विकणाऱ्याला आदल्या दिवशीच सांगून ठेवावे की गाडी सकाळी थंड असताना पाहायची आहे. गेल्याबरोबर बॉनेटवर हात ठेवावा. कोमट लागला तर पाहणी दुसऱ्या दिवसावर टाकावी. थंड इंजिन चालू व्हायला जे कष्ट पडतात, जो धूर निघतो आणि जो आवाज होतो, ते सारे गरम इंजिनात लपते. थंड गाडी दाखवायला कोणी वारंवार टाळाटाळ करत असेल, तर त्याच्या टाळाटाळीतच उत्तर मिळाले असे समजावे.

मग ऑइल मोजण्याची पट्टी, म्हणजे डिपस्टिक, काढावी. डिझेल इंजिनाचे ऑइल काळेच असते, त्याला घाबरू नये. ते दुधाळ, म्हणजे चहात साय कालवल्यासारखे दिसले तर ऑइलमध्ये पाणी मिसळत आहे. हेडचे पॅकिंग गेलेले असते, हेड वाकलेले असते किंवा त्याला तडा गेलेला असतो. ऑइल भरायच्या झाकणाच्या आतही बोट फिरवून पाहावे. पावसाळ्यात थोडे-थोडेच अंतर चालणाऱ्या गाडीच्या झाकणाला किंचित साय धरते. तेवढ्यावरून निकाल देऊ नये. पण पट्टीवरही तोच प्रकार असेल तर शंका उरत नाही. ऑइल अगदी नवे आणि नेहमीपेक्षा दाट वाटले, तर ते का बदलले हे विचारावे. धूर आणि आवाज काही दिवस दबावा म्हणून दाट ऑइल किंवा तसलेच औषध ओतण्याची युक्ती जुनी आहे.

रेडिएटरचे झाकण इंजिन थंड असतानाच उघडावे. गरम असताना उघडल्यास वाफेने हात-तोंड भाजते. आत रंगीत कूलंट हवे. नुसते गंजके पाणी असेल तर मालकाने निगा राखली नाही हे उघड आहे. पाण्यावर तेलाचा तवंग असेल तर दोष पुन्हा हेडकडेच जातो. शेवटी गाडी उभी होती तिथली जमीन पाहावी. ऑइलचा ताजा डाग आदल्या रात्रीची हकिकत सांगतो. इंजिन स्टीमने धुऊन चकचकीत केलेले असेल तर कौतुक करू नये. गळतीच्या खुणा धुतल्या गेल्या असाव्यात असे समजून फेरफटका मारल्यावर पुन्हा पाहावे.

धुराचे तीन रंग

आता एकाला सायलेन्सरमागे उभे करून दुसऱ्याने सेल्फ मारावा. थंडीच्या सकाळी पातळ पांढरी वाफ निघून दोन-चार मिनिटांत नाहीशी झाली तर ते स्वाभाविक आहे. पण दाट पांढरा धूर थांबतच नसेल आणि रेडिएटरमधले पाणी मात्र कमी होत असेल, तर कूलंट सिलिंडरमध्ये जाऊन जळत आहे. डिझेल इंजिनात सुरुवातीला डोळ्यांना झोंबणारा पांढरा धूर म्हणजे न जळलेले डिझेल. ग्लो प्लग, नोजल किंवा कॉम्प्रेशन यांपैकी कशात तरी दोष असतो.

निळसर धूर म्हणजे ऑइल जळते आहे. रात्रभर उभी राहिलेली गाडी चालू करताच निळा धूर सोडून मग साफ होत असेल, तर बहुधा व्हॉल्व्हची ऑइल सील कडक झाली आहेत. हे काम आटोक्यातले आहे. परंतु चढावर किंवा रेस देताना सतत निळा धूर येत असेल, तर रिंग-पिस्टन आणि बोअर झिजले आहेत, आणि ते काम मोठे आहे. काळा धूर म्हणजे इंधन जास्त आणि हवा कमी. एअर फिल्टर तुंबला असला तर खर्च किरकोळ. नोजल, पंप किंवा टर्बो असेल तर खर्च खिशाला जाणवणारा.

धुरानंतर आणखी एक परीक्षा करावी. इंजिन स्लो चालू ठेवून ऑइलचे झाकण जपून ढिले करावे. थोडी हवा निघणे साहजिक आहे. पण तिथून भक्‌भक् धूर बाहेर पडत असेल, तर आपले मिस्त्री ज्याला ‘बॅक कॉम्प्रेशन’ म्हणतात तो प्रकार आहे. सिलिंडरमधला वायू रिंगांना न जुमानता खाली उतरतो आहे, म्हणजे इंजिन उतरवायच्या वाटेवर आहे. खात्री करायची असेल तर कॉम्प्रेशन गेज लावून घ्यावा. पेट्रोल इंजिनात प्रत्येक सिलिंडरला साधारण १५० ते १८० पीएसआय आणि डिझेलमध्ये त्याच्या दुप्पट किंवा अधिक दाब मिळतो. नेमका आकडा त्या-त्या मॉडेलच्या पुस्तकात असतो. आकड्याइतकेच महत्त्व सारखेपणाला आहे. एका सिलिंडरचा दाब बाकीच्यांपेक्षा १०-१५ टक्क्यांहून कमी भरला तर त्यात दोष आहे. त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल सोडून पुन्हा मोजावे. दाब वाढला तर रिंग गेलेल्या. न वाढला तर व्हॉल्व्ह किंवा हेडचे पॅकिंग. गेज लावायला तासभर लागतो. लाखाच्या व्यवहारात एक तास हा काही फार नव्हे.

आवाज आणि दिवे

इथे आमच्या कारागीर बांधवांना कोणी शिकवण्याची गरज नाही, फक्त कान लावण्याची गरज आहे. वरून येणारी बारीक टकटक टॅपेटची असते. बहुधा ॲडजस्ट करून भागते. चालू करताना पुढच्या बाजूने काही क्षण खरखर झाली, तर टायमिंगची चेन किंवा तिचा टेन्शनर ढिला आहे. बेल्ट असलेल्या गाडीत तो केव्हा बदलला याची पावती मागावी. तो धावताना तुटला तर पुष्कळ इंजिनांत पिस्टन व्हॉल्व्हवर आदळतात. तळातून, आणि तेही जोर पडला की वाढणारी जड ठकठक ऐकू आली, तर बिग-एंड बेअरिंग गेले. अशी गाडी कितीही स्वस्त मिळाली तरी महागच पडते.

चावी पहिल्या टप्प्यावर फिरवली की ऑइलचा लाल दिवा आणि नव्या गाड्यांत इंजिनाच्या आकृतीचा पिवळा दिवा लागला पाहिजे, आणि इंजिन चालू होताच विझला पाहिजे. विझत नसेल तर दोष आहेच. पण चावी फिरवूनही लागत नसेल, तर तो कोणीतरी काढून टाकला असण्याची शंका घ्यावी. अलीकडच्या गाड्यांना स्कॅनर जोडला की जुने दोष संगणकात नोंदलेले सापडतात. दोष कालच पुसून टाकले असतील तर जाणकाराला तेही कळते. हे साधन आता अनेक गॅरेजांत असते. त्याचा उपयोग करून घ्यावा.

गर्दीत आणि चढावर

गल्लीत एक चक्कर मारून इंजिन कळत नाही. एसी असेल तर तो लावून गाडी वीस मिनिटे शहराच्या गर्दीत न्यावी. अंजूर फाटा किंवा कल्याण नाक्याला संध्याकाळी जी कोंडी होते, ती रेडिएटरची उत्तम परीक्षा आहे. काटा मध्यावर स्थिर राहावा, पंखा वेळेवर चालू व्हावा. त्यानंतर नाशिक महामार्गावर पडघ्याच्या दिशेने काही किलोमीटर न्यावी आणि पुलाच्या चढावर पिकअप पाहावा. टेम्पो असेल तर रिकामा पाहून उपयोग नाही. ज्या मालासाठी घ्यायचा तो, निदान त्याच्या अर्धा तरी, लादून पाहावा. परत आल्यावर बॉनेट उघडून गळती आणि वास पुन्हा तपासावा. थंड इंजिन चालू करून दोन मिनिटांतच रेडिएटरचा पाइप दगडासारखा टणक झाला, किंवा टाकीत बुडबुडे येऊ लागले, तर हेडचे पॅकिंग गेले असे धरावे.

डिझेल गाडीत टर्बोच्या पाइपात ऑइल साचले आहे का आणि त्याची शीळ वाजवीपेक्षा मोठी आहे का, हे पाहावे. १ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या बीएस-६ नियमांनंतरच्या डिझेल गाड्यांत धुराची काजळी अडवणारा फिल्टर असतो. साचलेली काजळी जाळायला गाडी अधूनमधून सलग वेगाने धावावी लागते. जी गाडी दिवसभर नाक्या-नाक्यावर थांबतच चालली, तिचा हा फिल्टर तुंबतो, आणि न जळलेले डिझेल ऑइलमध्ये उतरते. पट्टीवर ऑइल कमाल खुणेच्या वर दिसले तर आनंद मानू नये, कारण विचारावे. हा फिल्टर महाग असतो.

सीएनजीची गाडी गॅसवर आणि पेट्रोलवर अशी दोन्ही प्रकारे चालवून पाहावी. वर्षानुवर्षे फक्त गॅसवर चाललेल्या गाडीचा पेट्रोल पंप आणि इंजेक्टर पुष्कळदा तुंबलेले असतात. गॅसवर व्हॉल्व्हच्या सीटही लवकर झिजतात, म्हणून इथे कॉम्प्रेशनची तपासणी अधिक गरजेची. टाकीची दर तीन वर्षांनी होणारी दाबचाचणी झाली आहे का आणि किटची नोंद आरसी बुकात आहे का, हेही त्याच वेळी पाहून घ्यावे. आणि आरसीवरचा इंजिन नंबर प्रत्यक्ष इंजिनावरच्या नंबराशी ताडून पाहिल्याशिवाय बयाणा देऊ नये. नंबर खरवडलेला असेल तर तिथूनच माघारी फिरावे.

पाण्यातून निघालेल्या गाड्या

आपल्या भागात एक धोका विशेष आहे. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझला चोवीस तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला. मुंबई, ठाणे, कल्याणबरोबर भिवंडीच्या सखल वस्त्यांतही पाणी भरले आणि असंख्य गाड्या बुडाल्या. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण पाण्याखाली गेले. कोकणात आपल्यातील अनेकांची गावे आणि नाती आहेत. तिकडची गाडी इकडे येणे काही नवे नाही. दर मोठ्या पुरानंतर बुडालेल्या गाड्या धुऊन, पुसून, रंगवून बाजारात उतरतात.

अशा गाडीच्या इंजिनाला काय होते? सिलिंडर हवा दाबण्यासाठी बनवलेला आहे; पाणी दाबले जात नाही. पाणी आत असताना कोणी सेल्फ मारला की पिस्टन अडतो आणि कनेक्टिंग रॉड वाकतो. थोडा वाकलेला रॉड घेऊनही इंजिन काही महिने चालते आणि मग एके दिवशी ब्लॉक फोडून बाहेर येतो. साध्या विमा पॉलिसीत पाणी शिरून झालेली इंजिनाची हानी बहुधा धरली जात नाही. त्यासाठी वेगळे संरक्षण घ्यावे लागते. म्हणूनच मालकाला अशी गाडी दुरुस्त करण्यापेक्षा विकून टाकणे परवडते, आणि तोटा दुसऱ्याच्या गळ्यात पडतो.

ओळख अवघड नाही. एअर फिल्टरच्या डब्याच्या कोपऱ्यात वाळलेला गाळ असतो. सीटचा पट्टा शेवटपर्यंत ओढला की आतल्या भागावर पाण्याची रेघ दिसते. सीटच्या लोखंडी पट्ट्यांवर, गालिच्याखाली आणि स्टेपनीच्या खड्ड्यात गंज आणि माती सापडते. हेडलाइटच्या आत धुके धरलेले असते. आणि अत्तराचा वास गरजेपेक्षा जास्त येत असेल, तर तो कशावर पांघरूण घालतो आहे हे शोधावे.

मिस्त्री कोणाचा?

आता मूळ मुद्दा. वर सांगितलेल्या सगळ्या गोष्टी आपल्या शहरातील कोणताही चांगला मिस्त्री अर्ध्या दिवसात तपासू शकतो. प्रश्न कौशल्याचा नाही. तो मिस्त्री कोणाचे पैसे घेऊन पाहतो आहे, हा प्रश्न आहे. सौदा झाला तरच ज्याला पैसे मिळणार, तो सौदा मोडेल असे सत्य कसे सांगेल? म्हणून आमची गॅरेजवाल्या बांधवांना विनंती आहे की त्यांनी गाडी पाहण्याची ठरावीक फी ठेवावी, ती फक्त घेणाऱ्याकडून घ्यावी, सौदा होवो वा न होवो ती घ्यावी, आणि काय-काय पाहिले व काय आढळले हे सहीनिशी कागदावर लिहून द्यावे. घेणाऱ्यांनाही आमचे सांगणे आहे की ही फी देताना कुरकुर करू नये. “नुसते बघायचे पैसे कसले?” असे म्हणणारा ग्राहकच मिस्त्रीला दलालाच्या दारात उभा करतो. एखाद्या गॅरेजची खात्री पटली की त्याच्याकडे मग दुरुस्तीही आपोआप येते. प्रामाणिकपणा हा इथे तोट्याचा धंदा नाही.

त्याचबरोबर प्रत्येक दोषाला भिऊन पळण्याचेही कारण नाही. टॅपेटचा आवाज, फाउंडेशन रबर, कव्हरच्या पॅकिंगची गळती, जुने प्लग, तुंबलेला फिल्टर हे भाव कमी करण्याचे मुद्दे आहेत. दुधाळ ऑइल, बॅक कॉम्प्रेशन, तळातली ठकठक, गाडी तापणे आणि पुराच्या खुणा हे नकार देण्याचे मुद्दे आहेत. अशी गाडी घ्यायचीच असेल तर फुल इंजिन कामाचा लेखी अंदाज आणून तो आकडा किमतीतून वजा करावा, आणि काम चालू असताना बुडणारी महिन्याची कमाईही त्यात धरावी.

विकणाऱ्याचे काय?

आतापर्यंत आम्ही घेणाऱ्याशी बोललो. पण आपण सारे कधी ना कधी विकणारेही असतो. “जशी आहे तशी दिली, त्याने पाहून घेतली, आता माझी जबाबदारी काय?” हे वाक्य आपण सर्रास ऐकतो.

कायदा या बाबतीत काय म्हणतो ते पाहू. १८७२ चा करार कायदा आजही लागू आहे. त्याच्या कलम १७ मध्ये एका घोड्याचे उदाहरण आहे. घोड्यात दोष आहे हे विकणाऱ्याला ठाऊक आहे, पण लिलावात तो काहीच बोलत नाही. कायदा एवढ्यावरून त्याला फसवणूक म्हणत नाही. पुढच्या एका उदाहरणात घेणारा विकणाऱ्याला सांगतो की तुम्ही नाकारले नाही तर मी घोडा निर्दोष आहे असे धरीन, आणि विकणारा गप्प राहतो. इथे मात्र ते मौन बोलण्यासारखेच धरले जाते. घोड्याच्या जागी इंजिन घाला. म्हणून पैसे मोजण्यापूर्वी दोन साक्षीदारांसमोर सरळ विचारावे: इंजिन कधी उघडले होते का? गाडी कधी पाण्यात गेली होती का? ऑइल पिते का? उत्तरे पावतीवर लिहून घ्यावीत. दोष मुद्दाम झाकणे, उदाहरणार्थ दिव्याचे कनेक्शन तोडणे, ही तर कायद्याच्या भाषेतही फसवणूकच आहे. मात्र साधी दक्षता घेतली असती तर दोष कळला असता, असा बचाव पुढे येऊ शकतो. सबब पाहणी टाळून कायद्यावर भिस्त ठेवता येत नाही. गाडी एखाद्या पेढीकडून घेतली असेल आणि ती फक्त स्वतःच्या चरितार्थासाठी, स्वतः राबून वापरली जात असेल, तर २०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याखाली असा टेम्पोवालाही ग्राहक ठरू शकतो, हेही ध्यानात ठेवावे. यासाठी पावती हवी. तोंडी सौद्याला तिथे आधार मिळत नाही.

परंतु कायद्याने माफ केलेले मौन आपल्याला माफ आहे काय? सहीह मुस्लिममधील एक हदीस आपल्या सर्वांना ठाऊक आहे. प्रेषित (स.) यांनी बाजारात धान्याच्या राशीत हात घातला तेव्हा बोटांना ओल लागली. वरून रास कोरडी होती. विकणाऱ्याने पावसाचे कारण सांगितले. त्यावर, ओले धान्य लोकांना दिसेल असे वर का ठेवले नाही, असे त्याला विचारण्यात आले, आणि फसवणूक करणाऱ्याशी आपला संबंध नाही असे बजावण्यात आले. तो व्यापारी खोटे बोलला नव्हता. त्याने फक्त ओले खाली ठेवले होते. पुरातून काढून वाळवलेल्या गाडीचे आणि त्या राशीचे नाते सांगण्याची गरज आहे काय? फिकहमध्येही, सौद्यानंतर लपलेला दोष उघड झाला तर माल परत करण्याचा घेणाऱ्याचा हक्क ‘खियारे ऐब’ या नावाने मान्य केलेला आहे. आपण व्याज टाळून रोखीने व्यवहार करतो आणि त्याच व्यवहारात पांढऱ्या धुराविषयी गप्प बसतो, हे बरोबर नाही.

दोष सांगितला तर गाडी विकली जाणार नाही, ही भीती आम्हाला खरी वाटत नाही. ती पाच-दहा हजार कमी भावाला विकली जाईल. पण तिच्याबरोबर भांडण, शिव्याशाप आणि नाक्यावर तोंड चुकवत फिरणे येणार नाही. भिवंडी हे मोठे शहर असले तरी व्यापाऱ्याची ओळख इथे आजही मोहल्ल्यानेच होते.

आमच्या त्या परिचितांचा टेम्पो आता नीट चालतो. मागच्या महिन्यात त्यांना चांगले गिऱ्हाईक आले. त्यांनी गाडी विकायला काढली तेव्हा हेड बदलल्याची पावती सर्वांत आधी पुढे ठेवली आणि म्हणाले, “उद्या सकाळी या, मी गाडी चालू करणार नाही. तुमच्या मिस्त्रीलाच चालू करू द्या.” ही रीत आपल्या बाजारात रूढ व्हावी, एवढेच आमचे म्हणणे आहे.